सुपरसिमेट्री: न सापडण्याचा हिशेब

जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये, म्हणजे एलएचसीमध्ये, ३० मार्च २०१० रोजी ७ टीईव्ही ऊर्जेच्या टकरी सुरू झाल्या. हिग्ज बोसॉनच्याही आधी सुपरसिमेट्रीचे कण हाती लागतील, असे तेव्हा अनेक भौतिकशास्त्रज्ञांना वाटत होते. ही आशा अवाजवी नव्हती. हिग्ज क्वचित जन्माला येतो आणि त्याच्या खुणा इतर कणांच्या गर्दीत हरवतात. ग्लुइनो आणि स्क्वार्क हे सुपरसिमेट्रीचे कण मात्र प्रबल बलातून निर्माण होतात. ते हलके असते, तर पहिल्या काही महिन्यांतच त्यांची रीघ लागली असती. जानेवारी २०११मध्ये सीएमएस प्रयोगाने या शोधाचा पहिला निकाल दिला. डेटा अगदी थोडा होता, तरी त्याने अमेरिकेच्या टेव्हाट्रॉनच्या मर्यादा ओलांडल्या. नवा कण मात्र दिसला नाही. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज सापडल्याची घोषणा झाली. सुपरसिमेट्रीचा एकही कण आजवर सापडलेला नाही.

यावर दोन प्रतिक्रिया नेहमी ऐकू येतात. एक म्हणते, कल्पना संपली. दुसरी म्हणते, ऊर्जा आणखी थोडी वाढवा, सापडेल. दोन्हींत आळस आहे. न सापडणे ही मोजून मिळवलेली माहिती असते आणि ती प्रत्येक कणासाठी वेगळी असते. ग्लुइनोबद्दल आज जितक्या ठामपणे बोलता येते, तितके हिग्जिनो या सुपरसिमेट्रीच्याच दुसऱ्या कणाबद्दल येत नाही. गेल्या चाळीस वर्षांत कोलायडरांनी नेमके काय नाकारले आणि काय अजून नाकारता आलेले नाही, हे वेगळे काढल्याशिवाय या प्रश्नावर मत देण्यात अर्थ नाही.

कल्पना आणि तिची तीन आश्वासने

मूलकण दोन जातींचे असतात. इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो, क्वार्क हे द्रव्य घडवणारे कण फर्मिऑन. त्यांचा स्पिन अर्धा. फोटॉन, ग्लुऑन, डब्ल्यू आणि झेड हे बले वाहणारे कण आणि त्यांच्यासोबत हिग्ज, हे सगळे बोसॉन. त्यांचा स्पिन पूर्णांकी. सुपरसिमेट्री या दोन जातींमधली भिंत पाडते. प्रत्येक फर्मिऑनला एक बोसॉन जोडीदार आणि प्रत्येक बोसॉनला एक फर्मिऑन जोडीदार असला पाहिजे, आणि जोडीदारांच्या स्पिनमध्ये अर्ध्याचा फरक असला पाहिजे, असे ती सांगते. इलेक्ट्रॉनचा जोडीदार सिलेक्ट्रॉन, क्वार्कचा स्क्वार्क, टॉप क्वार्कचा स्टॉप, ग्लुऑनचा ग्लुइनो. डब्ल्यू, झेड, फोटॉन आणि हिग्ज यांचे जोडीदार आपसांत मिसळतात. त्यातून चार्जिनो हे विद्युतभारित आणि न्यूट्रॅलिनो हे उदासीन कण तयार होतात.

कल्पना जन्मली ती गणिताच्या ओढीतून. १९७१मध्ये मॉस्कोत गोल्फांड आणि लिख्टमन यांनी, १९७२मध्ये खारकीवमध्ये व्होल्कोव्ह आणि अकुलोव्ह यांनी ती मांडली. त्याच सुमारास स्ट्रिंग सिद्धांताच्या वाटेने पिएर रामों तिच्यापाशी पोहोचले होते. जगाचे लक्ष गेले ते १९७४च्या वेस आणि झुमिनो यांच्या कामामुळे. पुढे पिएर फाये यांनी ही सममिती प्रत्यक्षातल्या कणांवर बसवली आणि १९८१मध्ये दिमोपूलोस आणि जॉर्जाय यांनी तिला प्रयोगात तपासता येईल असे रूप दिले.

सममिती तंतोतंत असती, तर सिलेक्ट्रॉनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकेच असते आणि तो केव्हाच सापडला असता. म्हणजे सममिती असलीच तर ती भंगलेली आहे आणि जोडीदार जड झाले आहेत. ती कशी भंगली हे ठाऊक नसल्यामुळे सर्वांत साध्या प्रतिकृतीतही शंभरहून अधिक नवे अज्ञात आकडे येतात. सगळ्या शोधाची अडचण इथेच आहे. जोडीदार इतर कणांशी किती जोराने आंतरक्रिया करतील हे सिद्धांत नेमके सांगतो. त्यांचे वस्तुमान किती असेल याबद्दल तो गप्प राहतो. म्हणून कोलायडरला एका ठरावीक जागी जाऊन पाहता येत नाही, सगळा प्रदेश चाळावा लागतो.

तरी लोक या कल्पनेच्या मागे लागले, कारण सुपरसिमेट्रीने एकदम तीन आश्वासने दिली होती. पहिले आश्वासन हिग्जच्या वस्तुमानाबद्दलचे. प्रोटॉनचे वस्तुमान साधारण १ जीईव्ही, हिग्जचे १२५ जीईव्ही, तर गुरुत्वाकर्षणाची क्वांटम पातळी १०चा १९वा घात इतक्या जीईव्हीवर. अवकाशात क्षणभर उमटून जाणाऱ्या कणांचे योगदान धरले, तर हिग्जचे वस्तुमान त्या वरच्या पातळीकडे ओढले जायला हवे. ते खाली राहायचे असेल, तर प्रचंड आकड्यांची वजाबाकी तिसाहून अधिक अंकांपर्यंत जुळून यायला हवी. सुपरसिमेट्रीत हे आपोआप घडते, कारण फर्मिऑन आणि बोसॉन जोडीदारांची योगदाने एकमेकांना खोडतात. अट एकच: जोडीदार फार जड नसावेत. स्टॉप, ग्लुइनो आणि हिग्जचा जोडीदार हिग्जिनो हलके हवेत, साधारण एका टीईव्हीच्या, म्हणजे हजार जीईव्हीच्या, आत. ही अट नसती, तर कोलायडरवर शोध घेण्याचे इतके सबळ कारणच उरले नसते.

दुसरे आश्वासन तीन बलांच्या एकत्रीकरणाचे. बलांची ताकद ऊर्जेनुसार बदलते. १९९१च्या सुमारास सर्न प्रयोगशाळेच्या लेप या कोलायडरची अचूक मापे हाती आल्यावर दिसले, की स्टँडर्ड मॉडेलमध्ये, म्हणजे कणांच्या प्रचलित सिद्धांतात, या ताकदीच्या तीन रेषा एका बिंदूत मिळत नाहीत. सुपरसिमेट्रीचे कण धरले, तर १०चा १६वा घात जीईव्हीच्या आसपास त्या सुरेख जुळतात. तिसरे आश्वासन कृष्णद्रव्याचे. सुपरसिमेट्रीचे कण नेहमी जोडीनेच निर्माण होतील, असा नियम बहुतेक प्रतिकृतींत असतो. त्याला आर-पॅरिटी म्हणतात. हा नियम मानला, तर सर्वांत हलका जोडीदार कधीच विघटन पावत नाही. तो उदासीन न्यूट्रॅलिनो असेल, तर विश्वातल्या अदृश्य द्रव्याला आयता उमेदवार मिळतो.

दिसत नाही ते कसे शोधतात

न्यूट्रॅलिनो डिटेक्टरमधून काहीही न छेडता निघून जातो. त्याला पकडायची युक्ती जमाखर्चाच्या वहीसारखी आहे: जमा ठाऊक आहे, नोंदलेला खर्च कमी पडतो, तर फरक कुणीतरी बाहेर नेला आहे. समोरासमोर येणाऱ्या प्रोटॉनांना आडव्या दिशेत संवेग जवळजवळ नसतो, म्हणून टकरीनंतर बाहेर पडलेल्या सगळ्या कणांच्या आडव्या संवेगांची बेरीज शून्य यायला हवी. आली नाही, तर काहीतरी अदृश्य निसटले. ग्लुइनोची जोडी जन्मली, तर प्रत्येक ग्लुइनो क्वार्क आणि न्यूट्रॅलिनो यांत विघटित होईल आणि कणांचे अनेक जोरदार झोत, म्हणजे जेट, आणि मोठा हरवलेला संवेग असे चित्र दिसेल.

अडचण अशी, की हेच चित्र इतर कारणांनीही दिसते. झेड बोसॉन दोन न्यूट्रिनोंत विघटित झाला आणि सोबत जेट असले, तर हुबेहूब तसेच. डब्ल्यू आणि टॉप क्वार्क यांतूनही न्यूट्रिनो निघतात. शिवाय एखाद्या जेटची ऊर्जा डिटेक्टरने चुकीची मोजली, की संवेग हरवल्याचा आभास होतो. प्रमाण पाहिले की या कामाची खरी कल्पना येते. २०१५ ते २०१८ या काळात एटलस आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांत प्रत्येकी साधारण १०चा १६वा घात इतक्या प्रोटॉन-टकरी झाल्या. त्यांत टॉप क्वार्कच्या ११ कोटींहून अधिक जोड्या जन्मल्या. ग्लुइनोचे वस्तुमान २ टीईव्ही असते, तर त्याच डेटात त्याच्या जोड्या सुमारे १४० निघाल्या असत्या. त्यातही सगळ्या टकरी साठवता येत नाहीत. प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांना छेदू शकतात आणि त्यांतल्या साधारण हजारेक घटना ट्रिगर यंत्रणा निवडून ठेवते. जे त्या क्षणी निवडले गेले नाही, ते कायमचे गेले.

म्हणून सुपरसिमेट्रीच्या शोधातला बहुतेक घाम बॅकग्राउंड मोजण्यात जातो. केवळ संगणकी सिम्युलेशनवर विसंबत नाहीत. नवा कण जिथे येणार नाही असा डेटाचा भाग घेऊन तिथे डब्ल्यू, झेड, टॉप यांचे प्रमाण मोजतात, त्यावरून हव्या त्या भागात किती घटना याव्यात याचा अंदाज बांधतात, तिसऱ्या भागात तो अंदाज तपासतात आणि मगच मुख्य भाग उघडून पाहतात. आधी उघडून मग निकष ठरवले, तर माणूस हवे ते पाहतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

या कामात मुंबईचा हात जुना आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था लेपवरच्या एल३ प्रयोगात होती, टेव्हाट्रॉनच्या डी-झिरो प्रयोगात होती आणि सीएमएसमध्येही आहे. सीएमएसच्या चुंबकाबाहेरचा हेड्रॉन कॅलरीमीटरचा थर या संस्थेने आणि पंजाब विद्यापीठाने मिळून घडवला. आतल्या थरांतून निसटलेली ऊर्जा तो टिपतो. निसटलेली ऊर्जा मोजली गेली नाही, तर संवेग हरवल्याचा खोटा भास वाढतो, म्हणजे हा थर सुपरसिमेट्रीच्या शोधाच्या नेमक्या नाजूक जागी काम करतो. पुण्याची आयसर संस्थाही सीएमएसमध्ये सहभागी आहे.

सिद्धांताच्या बाजूने या विषयात सर्वांत ठळक मराठी नाव रोहिणी गोडबोले यांचे. पुण्यात वाढलेल्या, मुंबई विद्यापीठात शिकवलेल्या आणि पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या गोडबोले यांनी मानुएल ड्रेस आणि प्रोबीर रॉय यांच्यासोबत २००४मध्ये सुपरसिमेट्रीच्या कणांवर लिहिलेला ग्रंथ या क्षेत्रात शिरणाऱ्यांचे पाठ्यपुस्तक ठरला. ड्रेस यांच्यासोबतच त्यांनी दाखवून दिले होते, की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरमध्येही फोटॉनांच्या आपसांतल्या टकरींमुळे जेटचे बॅकग्राउंड तयार होते. भावी यंत्रांच्या आखणीत हा मुद्दा विचारात घ्यावा लागला. ऑक्टोबर २०२४मध्ये त्यांचे निधन झाले.

एलएचसीआधीची दोन चाहुली

सुपरसिमेट्री सापडली अशी पहिली कुजबुज १९८४ची. सर्नच्या प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन कोलायडरवर कार्लो रुबिया यांच्या यूए१ प्रयोगाने आदल्या वर्षी डब्ल्यू आणि झेड शोधले होते. त्याच प्रयोगाला मूठभर घटना अशा मिळाल्या, की एका बाजूला एकच जेट आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. सुमारे ४० जीईव्हीच्या स्क्वार्कचे अर्थ लगोलग मांडले गेले. नंतर सखोल तपासणी झाली आणि उत्तर कंटाळवाणे निघाले. डब्ल्यूचे टाऊ लेप्टॉनमध्ये विघटन, झेडचे न्यूट्रिनोंमध्ये विघटन अशा अनेक छोट्या छोट्या प्रक्रिया होत्या. एकेकटी कुठलीच पुरेशी नव्हती, बेरीज मात्र पुरली. पुढच्या पिढ्यांनी बॅकग्राउंडच्या बाबतीत जो काटेकोरपणा अंगी बाणवला, त्याचे मूळ या प्रकरणात आहे.

लेप यंत्र १९८९ ते २००० या काळात चालले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर स्वच्छ असते; प्रोटॉनसारखा पसारा मागे राहत नाही. शेवटी ऊर्जा २०९ जीईव्हीपर्यंत गेली. कण जोडीने जन्मतात, म्हणून निम्म्या ऊर्जेइतक्या वस्तुमानापर्यंत पाहता येते. चार्जिनोसाठी मिळालेली मर्यादा १०३.५ जीईव्ही, म्हणजे यंत्राच्या क्षमतेच्या जवळजवळ टोकाला टेकलेली. ऊर्जा कमी असली, तरी लेपच्या मर्यादांची एक गोष्ट मोलाची आहे: त्यांना अटी फार थोड्या आहेत. काही कोपऱ्यांत त्या आजही एलएचसीपेक्षा अधिक भरवशाच्या आहेत.

दुसरी चाहूल टेव्हाट्रॉनची. एप्रिल १९९५मध्ये सीडीएफ प्रयोगाने एक घटना नोंदवली. तीत दोन इलेक्ट्रॉनसारख्या खुणा, दोन फोटॉन आणि मोठा हरवलेला संवेग होता. स्टँडर्ड मॉडेलमध्ये असे एकत्र येण्याची शक्यता नगण्य होती. गुरुत्ववाहक कणाचा जोडीदार ग्रॅव्हिटिनो हा सर्वांत हलका मानला, तर सिलेक्ट्रॉनच्या जोडीतून नेमके हेच निघते. सिद्धांतकारांनी निबंधांचा वर्षाव केला. पण पुढच्या टप्प्यात कितीतरी पट अधिक डेटा गोळा झाला, तरी तशी दुसरी घटना आली नाही. एका घटनेवर कण उभा राहत नाही. टेव्हाट्रॉन ३० सप्टेंबर २०११ रोजी बंद झाला, तेव्हा ग्लुइनोची मर्यादा साधारण ३०० जीईव्हीच्या घरात होती.

एलएचसीने काय नाकारले

एलएचसीच्या पहिल्याच दोन वर्षांत ग्लुइनोची ही मर्यादा टीईव्हीच्या दिशेने सरकली. त्यानंतर तीन बाजूंनी कोंडी झाली.

पहिली बाजू खुद्द हिग्जची. सुपरसिमेट्रीच्या साध्या रूपात पहिल्या हिशेबाने हिग्ज झेडपेक्षा, म्हणजे ९१ जीईव्हीपेक्षा हलका असायला हवा. टॉप आणि स्टॉप यांच्या क्वांटम योगदानामुळे हा आकडा वर जातो. पण साधारण १३५ जीईव्हीपलीकडे नाही. १२५वर सापडलेला हिग्ज या मर्यादेत बसला, ही सुपरसिमेट्रीची जमेची बाजू. हिग्ज १५० जीईव्हीला सापडता, तर साधी सुपरसिमेट्री त्याच दिवशी निकालात निघाली असती. मात्र १२५पर्यंत चढायला स्टॉप तरी बरेच जड असावे लागतात किंवा दोन स्टॉपचे मिश्रण फार मोठे असावे लागते. पहिल्या आश्वासनाला तर हलके स्टॉप हवे होते. एकाच मापाने कल्पनेला आधार मिळाला आणि तिच्या मुख्य हेतूवर ताण आला.

दुसरी बाजू दुर्मीळ विघटनांची. बी-एस मेसॉन दोन म्युऑनांत विघटन पावण्याची शक्यता स्टँडर्ड मॉडेलमध्ये अब्जात साधारण साडेतीन इतकी आहे. सुपरसिमेट्रीच्या काही रूपांत ती कितीतरी पट वाढते. नोव्हेंबर २०१२मध्ये एलएचसीबी प्रयोगाला या विघटनाचा पहिला पुरावा मिळाला आणि पुढे सीएमएससह ते पक्के झाले. आकडा स्टँडर्ड मॉडेलशी जुळला आणि ती रूपे बाद झाली.

तिसरी बाजू थेट शोधाची. २०१५पासून ऊर्जा १३ टीईव्ही झाली. त्या टप्प्याच्या संपूर्ण डेटानंतरचे चित्र ढोबळमानाने असे: न्यूट्रॅलिनो हलका धरला, तर ग्लुइनो २.३ टीईव्हीच्या आसपासपर्यंत नाही. स्क्वार्क, सगळे सारख्या वस्तुमानाचे धरले तर, सुमारे १.८५ टीईव्हीपर्यंत नाहीत. स्टॉप १.२ ते १.३ टीईव्हीपर्यंत नाही. प्रबल बलाशी संबंध नसलेले कण कमी संख्येने जन्मतात, म्हणून तिथली पकड सैल आहे. चार्जिनोसाठी अनुकूल परिस्थितीत १ टीईव्हीच्या आसपास, सिलेक्ट्रॉन आणि स्म्युऑनसाठी सुमारे ७०० जीईव्ही, टाऊचा जोडीदार स्टाऊसाठी ४०० ते ५०० जीईव्ही.

मध्येच आशा पालवल्याही. ८ टीईव्हीच्या डेटात एटलसला झेड बोसॉन, जेट आणि हरवलेला संवेग अशा घटना २९ मिळाल्या. अपेक्षा होती १०.६ची. सांख्यिकी भाषेत हा तीन सिग्माचा फरक. सीएमएसला तसे काही दिसले नाही आणि १३ टीईव्हीचा डेटा वाढत गेला तसा तो विरला. शेकडो ठिकाणी पाहिले, की कुठेतरी तीन सिग्मा उगवणारच. म्हणून शोधाची पायरी पाच सिग्मावर ठेवलेली आहे. म्युऑनच्या चुंबकीय गुणधर्माचे फर्मिलॅबने २०२१मध्ये दिलेले माप हलक्या स्लेप्टॉनांची, म्हणजे सिलेक्ट्रॉन, स्म्युऑन यांसारख्या कणांची, आशा जागवून गेले होते. २०२५पर्यंत सैद्धांतिक आकडेमोडच सुधारली आणि ती मापाशी जुळू लागली.

मर्यादेखालच्या अटी

बातमीत '२.३ टीईव्हीपर्यंत ग्लुइनो नाही' एवढेच येते. मूळ निबंधात या वाक्याला अटी जोडलेल्या असतात आणि खरा अर्थ तिथे असतो. शंभर अज्ञात आकडे एकदम तपासता येत नाहीत, म्हणून प्रयोग सोप्या प्रतिकृती घेतात: दोन-तीनच कण जवळ आहेत, बाकी सगळे फार जड आहेत, आणि ग्लुइनो शंभर टक्के वेळा एकाच वाटेने विघटन पावतो. प्रत्यक्षात वाटा चार-पाच असल्या, तर प्रत्येकीतल्या घटना वाटल्या जातात आणि मर्यादा खाली येते. सगळे स्क्वार्क सारखे न धरता एकच हलका धरला, तर स्क्वार्कची मर्यादाही बरीच घसरते.

सर्वांत मोठी पळवाट वस्तुमानांच्या जवळिकीची. ग्लुइनो आणि न्यूट्रॅलिनो यांच्या वस्तुमानात फारसा फरक नसेल, तर जेटना मिळणारी ऊर्जा उरतच नाही. दोन्ही न्यूट्रॅलिनो विरुद्ध दिशांना जातात, त्यांचे संवेग एकमेकांना खोडतात आणि वहीत फरक दिसत नाही. अशा वेळी प्रयोग वाट पाहतात ती सुरुवातीच्याच एखाद्या ग्लुऑनच्या धक्क्याची. सगळी जोडी एका बाजूला ढकलली गेली, तरच अदृश्य संवेग उघडा पडतो. स्टॉपबाबतही असाच अरुंद पट्टा होता. स्टॉप आणि न्यूट्रॅलिनो यांच्यातला फरक नेमका टॉपच्या वस्तुमानाइतका, १७३ जीईव्ही, असेल तर स्टॉपची जोडी सामान्य टॉपच्या जोडीसारखीच दिसते. तिथे टॉपच्या जोड्यांची संख्या आणि त्यांच्या स्पिनमधला संबंध अचूक मोजून तो पट्टा बुजवावा लागला.

हिग्जिनो हे या अडचणीचे टोक आहे. हिग्जचा जोडीदार असल्यामुळे पहिल्या आश्वासनासाठी तो हलका हवा, आणि नेमका तोच लपायला पटाईत. हिग्जिनो-कुळातले तीन कण वस्तुमानाने एकमेकांच्या अगदी जवळ असतात, म्हणून विघटनातून फक्त मंद, कमी ऊर्जेचे लेप्टॉन निघतात. ते शोधून मिळवलेली मर्यादा परिस्थिती अनुकूल असेल तेव्हा २०० जीईव्हीच्या आसपास जाते आणि फरक प्रतिकूल असेल तिथे लेपच्या जुन्या आकड्यावर घसरते. याच भागात एटलस आणि सीएमएस दोघांनाही अपेक्षेपेक्षा थोड्या अधिक घटना दिसल्या आहेत, पण दोन सिग्माच्या आसपास. त्यावर अजून काही उभारण्यात शहाणपण नाही. लक्ष ठेवणे मात्र रास्त आहे.

फरक आणखी कमी असेल, तर चार्जिनो क्षणभर टिकतो, डिटेक्टरच्या आतल्या थरांत काही सेंटिमीटरची रेष उमटवतो आणि नाहीसा होतो. २०१४मध्ये एटलसने टकरीच्या बिंदूपासून ३.३ सेंटिमीटरवर नवा सिलिकॉन थर बसवला आणि अशा तुटक रेषा पकडणे सोपे झाले. डब्ल्यूच्या जोडीदारासाठी, विनोसाठी, या मार्गाने सुमारे ६६० जीईव्हीपर्यंत मर्यादा मिळाली. आर-पॅरिटी पाळली जात नसेल, तर हरवलेला संवेगच नसतो. तिथे नुसते जेट मोजावे लागतात आणि बॅकग्राउंड अंगावर येते.

हे सगळे एकत्र धरले तर काय उरते? एटलसने पहिल्या टप्प्यानंतर १९ अज्ञात आकडे मोकळे ठेवून, आधीच्या मापांशी सुसंगत अशा तीन लाखांहून अधिक प्रतिकृती तपासल्या. सुमारे ४० टक्के बाद झाल्या. हा आकडा वाचताना सावध राहावे. प्रतिकृती कुठून कुठवर निवडल्या यावर टक्केवारी ठरते. वस्तुमानाची वरची सीमा वाढवली, की टक्का आपोआप उतरतो. तो निसर्गात सुपरसिमेट्री नसण्याची शक्यता सांगत नाही. कुठल्या प्रकारची प्रतिकृती नजरेतून निसटते, हे कळणे हा त्याचा खरा उपयोग.

आश्वासनांचे काय झाले

तिन्ही आश्वासनांची अवस्था आज वेगवेगळी आहे. बलांचे एकत्रीकरण जवळजवळ अबाधित आहे. ते मुख्यतः ग्लुइनो, विनो, हिग्जिनो यांवर अवलंबून असते आणि हे कण काही टीईव्हीचे असले तरी रेषा जुळतात. अर्थात ते कधीच थेट तपासले गेले नव्हते. कृष्णद्रव्याचे आश्वासन आक्रसले. झेनॉन द्रव वापरणाऱ्या भूमिगत प्रयोगांना न्यूट्रॅलिनोची धडक दिसलेली नाही, त्यामुळे अनेक मिश्र रूपे बाद झाली. शुद्ध हिग्जिनो मात्र अजून उमेदवार आहे आणि विश्वातले सगळे कृष्णद्रव्य त्याचेच असेल, तर त्याचे वस्तुमान १.१ टीईव्हीच्या आसपास यायला हवे. विनोसाठी तोच आकडा २.८ टीईव्ही. एलएचसीची पोच तिथवर नाही.

सर्वाधिक झीज पहिल्या आश्वासनाची झाली. १९८८मध्ये बार्बिएरी आणि जुदिचे यांनी हिग्जच्या वस्तुमानासाठी किती जुळवाजुळव चालवून घ्यावी याचे माप सुचवले होते. दहात एक इतकी सवलत पुरेल, असे तेव्हा वाटले. आजच्या मर्यादांनंतर साध्या प्रतिकृतींत ती शंभरात एक किंवा त्याहून वाईट झाली आहे. शंभरात एक म्हणजे अशक्य नव्हे, आणि तिसाहून अधिक अंकांच्या जुळवाजुळवीपेक्षा ते कितीतरी बरे. पण कण दाराशीच असतील असे सांगणारा युक्तिवाद यापुढे त्याच आवाजात करता येणार नाही. २००४मध्ये अर्कानी-हामेद आणि दिमोपूलोस यांनी या आश्वासनावर पाणी सोडून एकत्रीकरण आणि कृष्णद्रव्य तेवढे राखणारी विभाजित सुपरसिमेट्री मांडली होती. तेव्हा टोकाची वाटलेली ही मांडणी आज मुख्य प्रवाहात आहे.

कोपनहेगनमध्ये २००० साली लागलेली पैज २०१६मध्ये निकालात निघाली. तोवर सुपरसिमेट्री सापडेल म्हणणारे हरले आणि त्यांना कोन्यॅकची बाटली द्यावी लागली. पैज होती ती कण वेळेत सापडण्याची, आणि ती हरणे रास्तच होते. सुपरसिमेट्री निसर्गात आहे की नाही, हा प्रश्न तिने मिटवला नाही.

पुढचा शोध

२०२२पासूनच्या १३.६ टीईव्हीच्या टप्प्यात आधीच्यापेक्षा अधिक डेटा जमला आहे. २०३०च्या सुमारास सुरू होणारा उच्च-प्रखरता एलएचसी आजच्या कितीतरी पट डेटा देईल. ऊर्जा जवळपास तीच राहणार असल्याने ग्लुइनोची मर्यादा फारशी सरकणार नाही. फायदा होईल तो कमी जन्मणाऱ्या कणांना: हिग्जिनो, स्टाऊ, दीर्घायुषी कण. त्यासाठी ट्रिगरमध्येच तुटक रेषा आणि उशिरा येणारे कण ओळखण्याची सोय केली जात आहे. म्हणजे पुढच्या दशकातली प्रगती वस्तुमानाच्या आकड्यांपेक्षा पळवाटा बुजवण्यात दिसेल.

त्यापलीकडे सर्नने ९१ किलोमीटर परिघाच्या यंत्राचा व्यवहार्यता अहवाल मार्च २०२५मध्ये मांडला. पहिला टप्पा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी १०० टीईव्हीच्या घरातील प्रोटॉन-टकरींचा. कृष्णद्रव्यातला हिग्जिनो आणि विनो यांच्यापर्यंत पोचण्याची शक्यता अशा प्रोटॉन-यंत्रात आहे. मात्र त्याची बाजू मांडताना जुनी चूक टाळायला हवी. नवा कण नक्की सापडेल असे वचन एलएचसीच्या वेळी हिग्जबाबत देता आले, कारण हिग्ज नसता तरी त्याच्या जागी काहीतरी दिसणे सिद्धांताने अटळ केले होते. सुपरसिमेट्रीला असे वचन तेव्हाही नव्हते, आताही नाही. आज खात्रीने सांगता येते ते इतकेच: १.१ टीईव्हीचा हिग्जिनो आहे की नाही, या एका नेमक्या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर मिळू शकते. इतक्या नेमक्या प्रश्नासाठी किती पैसे आणि किती दशके द्यायची, हा निर्णय समाजाने घ्यायचा आहे. तो घेताना शास्त्रज्ञांनी नेमका प्रश्न आणि त्याच्या अटी लोकांपुढे ठेवाव्यात, आशा वाढवून सांगू नये.